कुऱ्हाडीपाशी उजवीकडे

दर गुरुवारी, साडेसहाला,
शेफील्डमध्ये, चिप्सच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही चौघं जग वाचवतो.
खालून व्हिनेगरचा वास येतो.
जिन्यातला दिवा बटण दाबलं की चाळीस सेकंदच जळतो,
शेवटच्या चार पायऱ्या अंधारात चढायच्या.

ॲलन पूर्वी ट्राम चालवायचा, आता जग चालवतो.
पहिल्या दिवशी त्याने विचारलं, तुझं पात्र कोण?
मी म्हटलं, रानटी.
त्याने आपणहून लिहून टाकलं: बर्फ, डोंगर,
लांडग्याचं कातडं, जळालेलं गाव.
मी म्हटलं, खोड ते.
ती शहरात राहते.
मीठवेशीजवळ, तिसरी गल्ली,
रंगाऱ्याच्या वर, चौथा मजला.
भाडं वेळेवर देते.

मग ती रानटी कसली? रिॲननने विचारलं.
नाव ठेवलं दगडी.
पोर जगावं म्हणून ठेवतात तसलं,
ऐकून यमानेही नाक मुरडावं असं.
यांना त्यात खंजीर ऐकू येतो. येऊ दे.

बाकीच्या रानट्यांच्या अंगात
अस्वल येतं, गरुड येतो.
दगडीच्या अंगात घूस येते.
तिला शहराची गटारं तोंडपाठ,
कुठल्या भिंतीमागे पाववाल्याची भट्टी आहे
ते ती थंडीत तळहात टेकवून सांगते,
आणि बाजार उठल्यावर जे रान उरतं
– सालपटं, सुतळ्या, एखादं चुकलेलं पोर –
त्यात तिच्याइतकं कुणी फिरलेलं नाही.

नियमाप्रमाणे तिला दिवसातून तीनदा संतापता येतं.
तीनदा!
मी दिवसभर कौन्सिलच्या फोनवर असते.
बुरशी धरलेल्या भिंती, न आलेले प्लंबर,
आणि माझा आवाज
इस्त्री करून, घडी घालून ठेवलेला.
साडेपाचला हेडफोन काढते तेव्हा
तिन्हीच्या तिन्ही शिल्लक असतात.
उद्यावर नेता येत नाहीत.

एकदा खेळ रंगात असताना ताईचा फोन आला,
साताऱ्याहून, रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत.
मी कोपऱ्यात उभी राहून बरं, बरं, बरं म्हणत राहिले.
परत आले तर ॲलन हसत होता.
म्हणाला, तो शब्द असाच झाला म्हणे.
ज्यांचं बोलणं कळेना, नुसतं बर-बर ऐकू येई,
ते बर्बर.
मी म्हटलं, आमच्यात त्याचा अर्थ
ऐकतेय.
क्वाबेनाने ते वहीत लिहून घेतलं.

नोव्हेंबरात आम्ही पुलावर पोचलो.
पहारेकऱ्याने अडवलं, म्हणजे ॲलननेच, जाड आवाज काढून.
कुठली तू?
मीठवेस, तिसरी गल्ली.
ते नाही. मुळात कुठली?

त्याच्या आधी लक्षात आलं नाही. मग आलं.
कान लाल झाले,
पण पहारेकऱ्याने शब्द मागे कसा घ्यायचा.
खाली कुणीतरी मासा तेलात सोडला.
दगडीकडे एक संताप उरला होता.
मी म्हटलं, उचलते कुऱ्हाड.
वीस बाजूंचा फासा घरंगळत गेला,
केचपच्या बाटलीला टेकला.
दोन.

कुऱ्हाड पहारेकऱ्याला लागलीच नाही.
पुलाच्या लाकडी खांबात रुतली, पातं सगळं आत.
दगडीने ओढली,
क्वाबेनाच्या म्हाताऱ्या जादूगाराने मंत्र म्हणून ओढली,
शेवटी पहारेकरीसुद्धा भाला बाजूला ठेवून,
खांबाला पाय लावून ओढायला लागला.
निघेना.
रिॲननचा चहा सांडला, नकाशावरच्या समुद्रात,
तिथे आता एक तपकिरी बेट आहे.
मुळात कुठली, ते राहूनच गेलं.

कुऱ्हाड अजून तिथेच आहे.
ॲलनने तिची खूण आधी पेन्सिलीने केली होती,
मग एका गुरुवारी शाईने गिरवली.
परवा एक नवा मुलगा आला खेळायला.
त्याचा भाट पहिल्यांदाच शहरात शिरला होता,
त्याने कोळणीला मीठवेशीची वाट विचारली.
ती मासे खवलत होती.
मान वर न करता म्हणाली,
पुलापर्यंत सरळ जा,
कुऱ्हाडीपाशी उजवीकडे.